साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

गिरगाव-भुलेश्वरातल्या जुन्या चाळींचे नकाशे काढणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे घरगल्ली मला पाठ आहे. दोन चाळींच्या पाठींमधली ही अरुंद फट. काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. वरून न्हाण्यांचे पाइप गळत असतात, भिंतीत पिंपळ रुजलेला असतो आणि तळमजल्याच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. टोपलीच्या संडासांचा मैला उचलणाऱ्या हलालखोरांना आत शिरता यावं, एवढ्यापुरतीच ही गल्ली सोडलेली. तिथून राहणाऱ्यांना उजेड-वारा मिळावा, हा हिशेब तिच्यात नव्हताच.

तो हिशेब मांडायला प्लेग यावा लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. पुढे कोंदट घरांवर 'राहण्यास अयोग्य' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं रंगवली गेली आणि १८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले. त्यासाठी जेवढी घरं पाडली, तेवढी बांधली मात्र नाहीत. उठवलेली गरीब माणसं शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने राहिली. ट्रस्टचा हा दोष मला अक्षम्य वाटतो.

तरीही ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी लावून धरलेल्या एका नियमासाठी मी ट्रस्टची ऋणी आहे. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ काढायची. समोरच्या बांधकामाने ती अडवता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्या उंचीच्या निम्मी जागा मधे मोकळी. चाळीस फुटांच्या इमारतीसमोर वीस फूट. हा नियम गवंड्यालाही दोरी लावून तपासता येतो, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. दादर-माटुंग्याला ट्रस्टने आखलेल्या वसाहतींत जुन्या इमारतींच्या तळमजल्यावरही सकाळी दिव्याशिवाय पेपर वाचता येतो, ते अशा मोकळ्या जागांमुळे.

१९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. नियम पुढे अनेकदा बदलले, आणि आता तर मोकळी जागा कमी पडली की प्रीमियम भरून सवलत मिळते. पैसे पालिकेच्या तिजोरीत जातात, अंधार तळमजल्याच्या वाट्याला येतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या नटवर पारेख कंपाउंडात सात-सात मजल्यांच्या इमारतींमधे जेमतेम तीन मीटर अंतर आहे. ऑरच्या हिशेबाने तिथे दहाएक मीटर हवं होतं. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि कोंदट घरं व क्षयरोग यांचा संबंध त्या अभ्यासाने दाखवला. प्लेगनंतर शिकलेला धडा आपण कागदोपत्री पुसून टाकला, हे मला गुन्ह्यासारखं वाटतं.

पुनर्विकासाचे नकाशे घेऊन भाडेकरू माझ्याकडे येतात तेव्हा ते कार्पेट एरिया आणि पार्किंग विचारतात. मी आधी छेदचित्र मागते, पेन्सिलीने ती रेघ ओढते आणि ती कुठल्या मजल्यापर्यंत अडते ते दाखवते. मग सांगते, या मजल्यांवरच्या घरांचा प्रश्न लेखी सुटेपर्यंत कुणीही संमतीपत्रावर सही करू नका.