मागणीनुसार जोडणी: यवतमाळ आणि डायल-अप काळ

1980 च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेट या संगणक-जाळ्याने यवतमाळसारखी जिल्हा मुख्यालये उपग्रहाद्वारे दिल्लीशी जोडली. मात्र सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोजक्या महानगरांत खुले केले आणि लहान शहरांत ते पुढे दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेममार्फत पोहोचले. जोडणीच्या वेळेनुसार दूरध्वनीचे बिल वाढत असल्याने काम निघाले तरच क्रमांक फिरवणारा लिनक्स सर्व्हर ही या काळातील किफायतशीर पद्धत ठरली. तिच्यात मुख्य अडचण नावांची होती, कारण संकेतनामाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणाऱ्या, 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचलेल्या डीएनएस व्यवस्थेकडे गेलेली क्षुल्लक विचारणाही मोडेमला जागे करी. त्यामुळे कार्यालयातील संगणकांची नावे स्थानिक यादीत नोंदवली जात, मिळालेली उत्तरे सर्व्हरवरच साठवली जात, आणि बाहेर जाणारी ई-पत्रे सेंडमेल या प्रोग्रॅमच्या रांगेत थांबून जोडणी होताच एकगठ्ठा रवाना होत, तर येणारी पत्रे फेचमेल हा प्रोग्रॅम इंटरनेट सेवादात्याच्या पेटीतून उचलून आणी. टपालाची थैली ठरलेल्या गाडीची वाट पाहते, तोच हा क्रम होता. अखंड ब्रॉडबँड जोडणीने त्याची गरज संपवली.