प्रेक्षकांची हजेरी

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे दिग्दर्शकांविषयी लिहितात, नटनट्यांविषयी लिहितात, कॅमेऱ्याविषयीही लिहितात. खुर्चीवर येऊन बसणाऱ्या माणसाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. अमुक बोलपट पाहावयास माणसे का आली आणि तमुक का ओस पडला, हा प्रश्न गल्ला मोजणाऱ्या मॅनेजरचा आहे, इतिहासकाराचा नव्हे, अशीच समजूत आहे. मी पडलो शाळामास्तर. वर्गात शिरल्यावर माझा हात प्रथम हजेरीपटाकडे जातो. गैरहजर मुलाला शिकवता येत नाही, हे सत्य आमच्या धंद्याने आम्हांला फार लवकर शिकवलेले असते. म्हणून मला वाटते की, हजेरीचा इतिहास हाही कलेचाच इतिहास आहे.

आपल्याकडील गोष्ट प्रथम घेऊ. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मुंबईने त्याला उचलून धरले. परंतु पुढे सुरतेला पहिल्या खेळाचा गल्ला अवघा ३ रुपये जमला, असे सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळत असताना तीन आणे देऊन दीड तासाचे चित्र कोण पाहणार? फाळक्यांनी चित्र बदलले नाही, तिकीटही उतरवले नाही, जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही तीन आण्यांत, असा हिशेब त्यांनी लोकांपुढे मांडला. लोक हसले असतील, पण आले. प्रेक्षक आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो, हे आपल्या पहिल्या चित्रकर्त्याला पहिल्याच वर्षी उमगले होते.

फाळक्यांना निदान थिएटरचे दार उघडे होते. पुढे चित्रपटाचा प्रचंड धंदा झाला आणि दारेही धंद्याच्या मालकीची झाली. अमेरिकेत तर पाच बड्या कंपन्या चित्रपट काढीत आणि त्यांच्याच थिएटरांत ते दाखवीत. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या मक्तेदारीविरुद्ध निकाल दिला, तोवर हाच शिरस्ता होता. पदरचा पैसा घालून दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट काढणाऱ्याने तो दाखवावा कुठे?

माया डेरेन या बाईंनी या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे मागितले नाही. १९१७ साली कीव्ह येथे जन्मलेली ही मुलगी लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आली होती. १९४३ साली नवऱ्याच्या साहाय्याने राहत्या घरातच तिने १४ मिनिटांचा एक मूकपट काढला. स्वप्नासारखे चित्र, त्यात रूढ अर्थाने कथा नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिने न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील प्रॉव्हिन्सटाऊन प्लेहाऊस हे लहानसे नाटकगृह स्वतः भाड्याने घेतले आणि आपले तीन लघुपट दाखवले. युजीन ओ’नील यांच्या आरंभीच्या नाटकांनी गाजलेली ही जागा. खुर्च्या सुमारे दोनशे. त्या रात्री खुर्च्या पुरल्या नाहीत. कित्येकांना दारातूनच परत जावे लागले.

ही वार्ता एका तरुणाच्या मनात घर करून बसली. अमॉस व्होगेल हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा. तेथील फिल्म सोसायटीत त्याला चित्रपटांची गोडी लागली होती. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा त्याला देश सोडावा लागला. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने पत्नी मार्शिया हिच्या साथीने त्याच प्लेहाऊसमध्ये ‘सिनेमा १६’ सुरू केले. नावातील १६ हा आकडा १६ मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवरून घेतलेला. पहिल्या कार्यक्रमात मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यावरचा एक पट होता, वानरापासून मानवापर्यंतच्या प्रवासावरचा एक शास्त्रीय अनुबोधपट होता आणि काही नवचित्रेही होती. गर्दी अशी लोटली की तोच कार्यक्रम पुन्हा पुन्हा करावा लागला.

व्होगेल दांपत्याला हुरूप आला. हाताशी होते ते पैसे त्यांनी पुढच्या जाहिरातीत घातले. आणि त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कवर बर्फाचे वादळ कोसळले. नाटकगृह सजले, यंत्र तयार झाले, आणि प्रेक्षक आले ते बोटांवर मोजण्याइतके. सगळी पुंजी एका रात्रीत बुडाली.

दुसरी अडचण सरकारी होती. न्यूयॉर्क राज्यात तिकीट लावून दाखवावयाचे प्रत्येक चित्र आधी सेन्सॉरपुढे ठेवावे लागे, फी भरावी लागे. नुसत्या रंगांच्या आणि आकृत्यांच्या चित्रांचीही त्यातून सुटका नव्हती. बर्फ आणि सेन्सॉर या दोन्ही संकटांवर व्होगेलने एकच तोडगा काढला. तिकीटविक्री बंद, यापुढे वर्षाची वर्गणी आणि सभासदांपुरता खासगी खेळ. खासगी खेळाला सेन्सॉर नाही, आणि वर्गणी आधीच जमा झाल्यामुळे बर्फ पडले तरी संस्था बुडत नाही.

या तोडग्यात केवळ व्यवहार नव्हता. तिकीट काढणारा माणूस आपल्याला काय आवडते ते ठरवून येतो. वर्गणी भरणारा मात्र, काय पाहावयास मिळणार हे ठाऊक नसताना शब्द देतो. व्होगेलने त्या शब्दाचा पुरेपूर उपयोग केला. एकाच संध्याकाळी शस्त्रक्रियेचा अनुबोधपट, कोणाचे तरी अस्वस्थ करणारे स्वप्न आणि परदेशी कथाचित्र अशी मिसळ तो वाढी. एकासाठी आलेल्याला दुसरे पाहावे लागे. लोक हुर्यो करीत, चिडून पत्रे लिहीत. पण पुढच्या खेळाला हजर राहत. सभासदसंख्या चढत चढत ७ हजारांवर गेली. प्लेहाऊस अपुरे पडले, म्हणून शिवणकामाचा धंदा शिकवणाऱ्या एका शाळेचे १६०० खुर्च्यांचे सभागृह घेतले गेले. नोव्हेंबर १९५९ मध्ये जॉन कॅसाव्हेटीझचा स्वतंत्रपणे काढलेला ‘शॅडोज’ तेथे दाखवला गेला. एकेकाळी दोनशे खुर्च्यांची चिंता करणाऱ्यांना असा प्रेक्षकवर्ग लाभला होता.

मात्र घडवलेल्या प्रेक्षकाचाही एक धाक असतो. स्टॅन ब्रॅकेज या तरुणाचे १९५८ सालचे एक चित्र व्होगेलने नाकारले. रागावलेल्यांनी वेगळी वाट धरली. जोनास मेकास आणि त्याच्या मित्रांनी १९६२ साली चित्रकर्त्यांची सहकारी संस्था काढली. तिचे तत्त्व असे की, चित्र कोणाचेही असो, नाकारावयाचे नाही. निवड करणारा नसेल तर सभासदाचा विश्वास कशावर? आणि निवड करणारा असेल तर नाकारलेल्याने जावे कुठे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. खर्च वाढत चालला होता, वर्गणीदार घटत होते. १९६३ साली ‘सिनेमा १६’ बंद पडले. त्याच वर्षी व्होगेलने रिचर्ड राऊड यांच्यासह न्यूयॉर्कचा चित्रपट महोत्सव उभा केला. लहान संस्थेने तयार केलेली नजर मोठ्या महोत्सवाच्या उपयोगी पडली.

न्यूयॉर्कला हे सारे सुरू झाले त्याच १९४७ साली, महिनाभर आधी, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या स्नेह्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापली होती. एकमेकांचा पत्ता नसताना दोन्ही शहरांना एकच उपाय सुचावा, हा योगायोग बोलका आहे. १९५९ साली आपल्याकडील सोसायट्यांचा महासंघ झाला. राय त्याचे अध्यक्ष. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले. वर्गणी भरून, कामावरून परस्पर येऊन, परभाषेतील चित्र खालच्या अक्षरांवर नजर ठेवून पाहणारे कारकून आणि मास्तर अशाच संस्थांनी घडवले.

आज ठिकठिकाणी लहानमोठे स्वतंत्र चित्रपट महोत्सव भरतात. उद्घाटनाला सभागृह भरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेळाला वीस डोकी दिसली की संयोजकांचा चेहरा पडतो. वृत्तपत्रे लिहितात, प्रतिसाद अल्प. त्या संयोजकांना मला इतकेच सांगावेसे वाटते की, त्या वीसांची नावे लिहून घ्या. ती कोणाच्या आमंत्रणावरून आलेली नाहीत. व्होगेलचे सात हजार अशाच मूठभरांतून वाढले. आणि एके दिवशी ती मुठीतून निसटलीही, कारण प्रेक्षक एकदा घडवून कायमचा होत नाही. दर वर्षी वर्गणी नव्याने मागावी लागते, तसा विश्वासही नव्याने मिळवावा लागतो. आणि प्रेक्षकांकडे एकच मागणे आहे. जे आवडणार याची खात्री आहे ते तर आपण पाहतोच. वर्षातून एखादी संध्याकाळ, आवडेल की नाही हे ठाऊक नसलेल्या चित्रासाठी राखून ठेवा. पैसे घालणाऱ्याने जोखीम घेतलेलीच असते. पाहणाऱ्यानेही थोडी घेतली, तरच असे चित्र पडद्यापर्यंत पोचते.