निळी कुत्री, लोखंडी प्लेटा आणि रंगाचं पाणी

२०१७ च्या ऑगस्टमधले निळ्या कुत्र्यांचे ते फोटो आठवतायत का? नवी मुंबईजवळ तळोजा एमआयडीसीत भटकी कुत्री अचानक फिकट निळी दिसायला लागली. आमच्या ग्रुपवर आधी सगळ्यांना फोटोशॉपच वाटलं. मग बातम्या आल्या की एका कारखान्यातला रंग बाहेर पडतोय, कासाडी नदीत जातोय. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. निळीच्या पिंपात पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. फरक एवढाच की त्या गोष्टीतला रंग निदान पिंपात होता.

आजचा भाग पिंपातून बाहेर पडलेल्या रंगाचा आहे. कापड रंगवून झालं की उरलेल्या पाण्यातून तो रंग विजेने काढता येतो. ऐकायला एकदम स्टार्टअपवाली आयडिया वाटते, पण ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे.

चला लंडनला. ३ सप्टेंबर १८७८. 'प्रिन्सेस अॅलिस' नावाची प्रवासी बोट थेम्स नदीत दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. बोट बुडाली ती जागा शहराचं मैलापाणी नदीत सोडायचे त्या ठिकाणाजवळची, आणि त्या संध्याकाळी थोड्याच वेळापूर्वी ते सोडलेलं होतं. लोक नुसते बुडाले नाहीत, कशात बुडाले हे अख्ख्या शहराला कळलं. पुढे चौकशी आयोग बसला आणि पाणी स्वच्छ करूनच नदीत सोडा असा दबाव वाढत गेला.

त्यातच क्रॉसनेसच्या पंपिंग स्टेशनवर १८८८-८९ मध्ये विल्यम वेबस्टर नावाच्या रसायनतज्ज्ञाने एक प्रयोग मांडला. गंमत म्हणजे ते पंपिंग स्टेशन त्याच्याच वडिलांनी, कंत्राटदार म्हणून, बांधलेलं. पोराने केलं काय, तर पाटात लोखंडी प्लेटा उभ्या केल्या, डायनामोची वीज जोडली आणि मधून मैलापाणी सोडलं. घाण गोळा होऊन वेगळी झाली.

हे कसं होतं? पावसाळ्यात आजी गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची, ते आठवा. तुरटीतलं अॅल्युमिनियम पाण्यात उतरतं, त्याचे कापसासारखे पुंजके होतात, माती त्यांना चिकटते आणि खाली बसते. वेबस्टरचं तंत्र तेच, फक्त तुरटी विकत आणायची नाही. वीज सुरू केली की एका प्लेटचा धातू विरघळतो आणि पुंजके पाण्यातच तयार होतात. दुसऱ्या प्लेटवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. ते घाणीला धरून वर आणतात, दुधावर साय येते तसे. आज याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात.

पण लंडनने ते घेतलं नाही. तेव्हा वीज म्हणजे स्वतःचं वाफेचं इंजिन चालवून स्वतः बनवायची वस्तू, आणि वर लोखंड खपणार ते वेगळं. त्यापेक्षा चुना आणि लोहक्षार पोत्याने ओतणं स्वस्त होतं. शहराने तेच केलं आणि उरलेला गाळ जहाजात भरून समुद्रात नेऊन टाकला. ही समुद्रात टाकण्याची पद्धत चालली १९९८ पर्यंत! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतही असे विजेचे प्रकल्प उभे राहिले आणि खर्चापायी बंद पडले. मग १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैला जिवाणूंना खायला घालायची पद्धत दाखवली. जिवाणूंना ना प्लेटा लागतात ना पगार, फक्त हवा. विजेची गोष्ट तिथे जवळपास संपली.

संपली ती मैलापाण्यासाठी. रंगाची भानगड वेगळी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन, वय वर्षं १८, मलेरियावरचं क्विनाइन बनवायला बसला आणि हाती आला जांभळा रंग, मॉव्ह. तिथून कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. आता रंगाऱ्याकडून गिऱ्हाईकाची मागणी काय असते? उन्हात विटू नये, घामाने उतरू नये, साबणाने जाऊ नये. पुढची शंभर वर्षं रसायनतज्ज्ञांनी हेच साधलं. १९५६ मध्ये, पर्किनला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, आयसीआय कंपनीने 'प्रोसिऑन' बाजारात आणले. हे रिॲक्टिव्ह रंग सुताच्या धाग्याशी थेट रासायनिक गाठ मारतात. तुमच्या अंगातला टीशर्ट दहा धुण्यांनंतरही लाल आहे तो बहुतेक अशाच रंगामुळे.

पण सगळा रंग धाग्याला गाठ मारत नाही. काही पाण्याशीच गाठ मारून बसतो आणि वाया जातो. दहावा हिस्सा तरी जातोच, गडद रंगात तिसरा हिस्साही. ते सगळं गटारात. आणि हा रंग ऊन, घाम, साबण यांना दाद देऊ नये म्हणूनच बनवलाय, तर तो जिवाणूंना कशी देणार? मँचेस्टरचे जिवाणू मैला खातात, रंग तसाच ठेवतात. आपल्याला हवा तो गुण कपाटात गुण आणि नदीत दोष ठरतो.

इथे वेबस्टरच्या प्लेटा परत आल्या. आणि त्यांना मदत केली कोणी, तर मिठाने. रिॲक्टिव्ह रंग कापडावर चढायला लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ घालावं लागतं. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. म्हणजे ज्याने पाणी शेतीला नालायक केलं, त्यानेच विजेचं बिल कमी केलं.

आकडे मांडूया, मला त्याशिवाय चैन पडत नाही. फॅरडेने १८३० च्या दशकात नियम दिलाय: १ अँपिअर वीज तासभर सोडली की साधारण १ ग्रॅम लोखंड विरघळतं. समजा, १,००० लिटर पाण्यात २०० ग्रॅम लोखंड सोडायचंय आणि प्लेटांमध्ये ५ व्होल्ट आहेत. म्हणजे सुमारे १ युनिट वीज. स्वस्त वाटतं ना? आता त्या २०० ग्रॅमचा हायड्रॉक्साइड होतो, कोरडा करून जवळपास ४०० ग्रॅम, वर त्यात रंग. दिवसाला १ लाख लिटर पाणी असेल तर रोज ४० किलो कोरडा गाळ, ओला त्याच्या कितीतरी पट. तो घातक कचरा म्हणून नीट पुरावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी केंद्रं आहेत. त्यातलं एक कुठे? तळोज्यालाच.

शिवाय प्लेटांवर थर धरतो, बाथरूममधल्या हीटरच्या कॉइलवर धरतो तसा. मग दर थोड्या वेळाने विजेची दिशा उलटवायची. गाळच नको असेल तर टायटॅनियमच्या किंवा हिऱ्याचा मुलामा दिलेल्या प्लेटा वापरतात. त्या विरघळत नाहीत, रंगाचा रेणूच फोडतात. पण पाण्यात मीठ असेल तर तिथे क्लोरीन तयार होतो आणि त्यातून नवीन, न दिसणारी क्लोरीनची संयुगं होऊ शकतात.

'न दिसणारी' हा शब्द धरून ठेवा आणि तमिळनाडूत चला. तिरुपूर, म्हणजे देशाची होजिअरीची राजधानी. तिथून नोय्यल नदी वाहते. शेतीला पाणी मिळावं म्हणून तिच्यावर ओरत्तुपाळयम धरण बांधलं, १९९२ ला पूर्ण झालं. काही वर्षांतच त्यात रंगकामाचं पाणी इतकं साठलं की ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं, तेच म्हणायला लागले की दरवाजे उघडू नका. विहिरी खारट झाल्या. शेतकरी कोर्टात गेले. २००६ मध्ये मद्रास हायकोर्टाने पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असं सांगितलं. ते पाळलं गेलं नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये ७०० हून जास्त रंगकाम युनिट बंद करायचा आदेश दिला. कामगारांच्या हातचं काम गेलं, ऑर्डरी दुसरीकडे गेल्या.

शेतकऱ्यांचं भांडण रंगाशी नव्हतंच फक्त, मिठाशी होतं. विजेने रंग जातो, मीठ जागेवरच राहतं. पाणी काचेसारखं दिसतं आणि उसाला घातलं की जमीन खारवते. म्हणून तिरुपूरने पुढे रंग काढून झाल्यावर पाणी आरओच्या पडद्यांतून दाबलं, उरलेलं खारं पाणी आटवलं आणि मिळालेलं मीठ परत रंगकामाला वापरलं. विजेच्या प्लेटांना अशा साखळीत जागा आहे, ती पडद्यांच्या आधी, कारण रंग गेला तर पडदे कमी तुंबतात. एकट्याने त्या पुरत नाहीत.

आपल्याकडे इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी लावला, आणि शहराला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. खाली शिरोळ तालुक्यातले लोक पंचगंगेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत. त्यात दोष एकट्या प्रोसेस हाऊसचा नाही, शहरांचं मैलापाणी आणि साखर कारखानेही आहेत. पण उद्या कोणी विजेचं यंत्र लावून दोन बाटल्या दाखवल्या, एक लाल आणि एक स्वच्छ, तर दुसऱ्या बाटलीचा टीडीएस किती आहे आणि गाळ कुठे जातोय, एवढं विचारा.