यकृतांतील पाण्याच्या पिशव्या

यकृत आपलें काम चोख बजावीत असूनहि रोग्यास दोन घास खाणें कठीण व्हावें, असा एक विलक्षण व्याधि आहे. त्यांत यकृतामध्यें द्रवानें भरलेल्या असंख्य पिशव्या तयार होतात. हा दोष बहुधा वंशपरंपरेनें येतो. पुष्कळदां मूत्रपिंडांतहि तशाच पिशव्या असतात. बहुतेकांस त्याचा उपद्रव होत नाहीं. परंतु कांहींचें, विशेषतः स्त्रियांचें, यकृत वाढत वाढत सारें पोट व्यापतें. जठर दाबलें जातें, धाप लागते, वाकणेंहि अवघड होतें. रक्ताच्या तपासणींत मात्र यकृताचें कार्य बहुधा निर्दोष दिसतें.

अशा रोग्यासाठीं शस्त्रवैद्यानें काय करावें? सुईनें द्रव काढणें सोपें. पण पिशवीचें अस्तर जागेवर राहतें, तें पाझरतें आणि पिशवी पुन्हां भरते. १९६८ सालीं तैवानांतील शस्त्रवैद्य लिन तिएन-यू व त्यांचे सहकारी यांनीं निराळी रीत प्रसिद्ध केली. पृष्ठभागावरील पिशव्यांचें छत कापावयाचें, त्या खिडकींतून आंतल्या पिशव्या उघडावयाच्या, आणि पाझरणारा द्रव उदराच्या पोकळींत वाहूं द्यावयाचा. तेथें तो शोषला जातो.

पिशव्या थोड्या व मोठ्या असल्या तर हा उपाय चांगला लागू पडतो. त्या लहान व शेंकडों असल्या म्हणजे मात्र यकृत फारसें आकसत नाहीं. येथें शारीरशास्त्र साह्यास आलें. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनीं १९५७ सालीं यकृताचे आठ खंड दाखविले होते. प्रत्येकास रक्त पुरविणारी शाखा वेगळी. तेव्हां जे खंड बरे असतील ते राखून बाकीचे काढणें शक्य होतें. १९८४ सालीं आर्मिटेज व ब्लमगार्ट यांनीं, आणि १९९० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या शस्त्रवैद्यांनीं, खंडच्छेद व खिडकी यांची जोड घालून मिळालेला अनुभव प्रसिद्ध केला. आराम मोठा, पण जोखीमहि मोठी; कारण पिशव्यांनीं रक्तवाहिन्या जागच्या हललेल्या असतात, आणि रक्तस्राव व पित्तगळती यांचें भय राहतें.

शेवटचा उपाय यकृतारोपणाचा. मनुष्याच्या शरीरांत दुसऱ्याचें यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न टॉमस स्टार्झल यांनीं १९६३ सालीं डेन्व्हर येथें केला. तो रोगी वांचला नाहीं. १९९० सालीं त्याच स्टार्झल यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या व्याधीवरील आरोपणाची हकीकत प्रसिद्ध केली. या उपायानें व्याधि समूळ जातो. पण त्यासाठीं काम करणारें यकृत काढून टाकावें लागतें आणि शरीराची प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात.

शिवाय दान मिळालेलीं यकृतें थोडीं. २००२ सालापासून अमेरिकेंत रक्ततपासणीच्या आंकड्यांवरून रोग्यांचा क्रम लावूं लागले. या रोग्यांचे आंकडे चांगले, म्हणून रांगेंत त्यांचा नंबर मागें. त्यांच्यासाठीं अपवादाची तरतूद करावी लागली. रक्ताच्या आंकड्यांत न उतरणारें हें दुःख रोग्याच्या तोंडून व पोटावर हात ठेवूनच वैद्यास कळतें. कोणता उपाय योजावा, याचा निर्णयहि तेथूनच सुरू होतो.