दोन लिप्यांचा दरवाजा

भोर तालुक्यातल्या आंबवड्याला गेलो की संस्थानकाळातल्या झुलत्या पुलावर मी थोडा वेळ थांबतोच. गावात नागेश्वराचे देऊळ आहे, कान्होजी जेध्यांची समाधी आहे. हा सगळा मुलूख रोहिड्याच्या भोवतीचा. तिथे उभे राहिले की दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. लढाया संपल्या, शिबंदी गेली. आता किल्ल्यांचे करायचे काय?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ फोर्ट बॅरी नावाचा लष्करी तळ होता. १९०७ साली बांधलेल्या तिथल्या बराकींत १९८२ पासून कलाकेंद्र आहे. चित्रकार, लेखक तिथे मुक्कामाला येतात, काम करतात. शिपायांच्या भोजनगृहात आता कलावंतांची पंगत बसते.

तसा मुक्काम नव्हे, पण कलेला मिळालेले घर मी आपल्या शेजारी, गोव्यात पाहिले. पणजीहून मांडवी ओलांडून रेइश मागुशच्या किल्ल्यावर गेलो होतो. पूर्वी इथे आदिलशाहीची चौकी होती असे सांगतात. पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये किल्ला बांधला. १७३९ च्या स्वारीत मराठ्यांनी बारदेश घेतला, पण हा किल्ला आणि आग्वाद त्यांच्या हाती लागले नाहीत. पुढे त्याचा तुरुंग झाला, तो १९९३ पर्यंत होता. मग पडझड. २००८ मध्ये दुरुस्ती सुरू झाली आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला.

जांभ्या दगडाच्या त्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे पाहिली. मुंबईच्या वृत्तपत्रांनी घरोघर पोचवलेली ती गोव्याची माणसे, त्यांची लग्ने, त्यांचे बाजार. मी एकटाच हसत होतो. पुढच्या दालनात गोवा मुक्तिलढ्याच्या आठवणी होत्या, बाहेर तोफा होत्या. हसू ओसरले. चित्रांना जागा देताना तिथे कैद्यांना पुसलेले नव्हते, हे मला मोठे वाटले.

म्हणून रोहिड्याची काळजी वाटते. त्याच्या तिसऱ्या दरवाजावर १६५६ सालच्या दुरुस्तीचे शिलालेख आहेत. एका बाजूला फारसी, दुसऱ्या बाजूला मराठी. राज्य विजापूरच्या महंमद आदिलशहाचे, हवालदाराचे नाव विठ्ठल मुद्गलराव. कान्होजीही आधी आदिलशाहीच्याच चाकरीत होते. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा त्यांनी वतनावर पाणी सोडले आणि शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. त्या त्यागाचे मोल कळायचे तर आधीची चाकरीही सांगावी लागते.

मी मराठीत कविता लिहितो. "तुमचं मराठी इतकं छान कसं?" असे मला पन्नाशीतही विचारले जाते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण दर वेळी वाटते, त्याला हाताला धरून त्या दरवाजाशी न्यावे. तिथे दोन्ही लिप्या एकाच उंबरठ्याची राखण करीत उभ्या आहेत.

उद्या आपल्याही एखाद्या किल्ल्याखाली कवी-चित्रकारांसाठी चार खोल्या बांधल्या जाव्यात. जरूर बांधाव्यात. फक्त चुन्याचा हात फिरवण्याआधी भिंत वाचावी. डावीही वाचावी आणि उजवीही.