एसीचा रिमोट : एका निरोप्याची कुळकथा

एसीच्या रिमोटचं मूळ घराणं टीव्हीचं. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने 1950 मध्ये टीव्हीसाठी रिमोट काढला, पण तो लांबलचक वायरने जोडलेला होता आणि ती वायर पायात यायची. 1955 मध्ये याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी वायर काढून टाकली. हातात टॉर्चसारखा झोत आणि टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारे चार डोळे, अशी त्यांची योजना. अडचण एकच : खोलीत ऊन शिरलं की चॅनेल आपोआप बदलायचं.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी उजेडाऐवजी आवाज वापरला. रिमोटमध्ये सेल नको, अशी विक्री विभागाची अट होती. सेल संपला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल, ही धास्ती. अॅडलर यांच्या रिमोटमध्ये बटण दाबलं की छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची. चार कांड्या, चार सूर. माणसाला ऐकू न येणारे, टीव्हीला कळणारे. ही पद्धत पाव शतक टिकली. 1980 च्या दशकात इन्फ्रारेड किरणांनी तिची जागा घेतली. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, म्हणून रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो आणि समोरचं यंत्र तेवढ्याच लुकलुकीची दखल घेतं. पॉलींना छळणारा प्रश्न असा सुटला.

टीव्हीला रिमोट मिळाला तो आरामासाठी. एसीला मात्र गरज होती. खिडकीतल्या एसीची बटणं हाताशी असायची. स्प्लिट एसी छताजवळ जाऊन बसला आणि रिमोटशिवाय गत्यंतर उरलं नाही.

मात्र एसीच्या रिमोटचं बोलणं वेगळं. टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढंच सांगतो. एसीचे बहुतेक रिमोट तापमान 25 वरून 24 केलं तरी चालू-बंद, मोड, पंख्याचा वेग, स्विंग असं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतात. कारण सरळ आहे. टीव्हीचा आवाज वाढला की लगेच ऐकू येतो. खोली गार व्हायला वेळ लागतो. आपण काय मागितलं हे तोवर कुठेतरी दिसायला हवं. म्हणून स्क्रीन रिमोटवर आली, आणि स्मरणशक्तीही रिमोटकडेच गेली.

सगळा घोळ इथेच होतो. हा निरोप्या उत्तर घेऊन येत नाही. तुमचा निरोप वाटेत अडला, तर रिमोटवर 24 दिसेल आणि एसी 20 वरच चालू राहील. पोचपावती म्हणजे एसीचा ‘बीप’. तो ऐकू आला नाही तर एसीकडे रोखून बटण पुन्हा दाबायचं. सगळा निरोप नव्याने जात असल्याने दोघांचा हिशेब जुळतो. आणि स्क्रीनवरचा आकडा आपण मागितलेला असतो, खोलीचं तापमान नव्हे.

निगा राखणंही सोपं आहे. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. उन्हाळा सरला की सेल काढून ठेवावेत. नाहीतर ते पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर चढतो. रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा त्याच्या दिव्यावर धरून बटण दाबावं. बहुतेक फोनांत, निदान सेल्फीच्या कॅमेऱ्यात, जांभळट लुकलुक दिसते. दिसली, तर दोष बहुधा एसीच्या बाजूला आहे. एखादंच बटण रुसलं असेल, तर रबराखालचा कार्बनचा ठिपका झिजलेला किंवा मळलेला असतो. रिमोट तळहातावर आपटून तो ठिपका भरून येत नाही.

आता स्क्रीनवरच्या तापमानाच्या आकड्यात सरकारनेही लक्ष घातलं आहे. स्टार-लेबलच्या कक्षेतल्या रूम एसींसाठी 1 जानेवारी 2020 पासून 24 अंश हे मूळ सेटिंग ठरवलं गेलं. पुढे हवं तसं बदलायची मुभा आहेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वर गेलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. खोली झटपट गार व्हावी म्हणून 18 लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर 24 वरही तेवढ्याच जोराने चालतो. 18 म्हटल्याने तो फक्त उशिरा थांबतो.