अक्काचा फोन आणि नगरवाला



आमच्या घरी सगळे म्हणतात की बाबांना फोनचं वावडं आहे. खोटं नाही. मेसेज मी दोन दिवसांनी वाचतो, आणि अनोळखी नंबर असला तर फोन वाजू देतो, दमला की आपोआप थांबतो. नातवाला वाटतं आजोबांना जमत नाही. जमतं सगळं. शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा युनियनचे लोक तोंड फिरवून बसले होते, त्यावर काम शिकायला मीच पुढे झालो होतो. पण फोनवरच्या आवाजावर भरवसा ठेवायला मन घेत नाही. त्याला जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासापायी माझ्या हातून एक चूकही झाली. दोन्ही सांगतो.

आपल्या भागात तार फार लवकर आली. आग्र्याहून मुंबईला जाणारी तारेची लाइन १८५० च्या दशकातच ग्वाल्हेर-इंदूरवरून टाकली गेली. पण त्यानंतर शंभर वर्षांनीसुद्धा, म्हणजे माझ्या लहानपणी, रामबागेतल्या आमच्या वाड्यात "तार!" अशी हाक आली की आजी आधी मटकन खाली बसायची आणि मग विचारायची, "कोणाची?" बारशाची तार असली तरी तेच. टेलिफोन वाड्यात एकच, वकीलसाहेबांकडे. त्यांचा गडी बोलवायला आला की आई हातातलं पीठ न धुता धावायची. ट्रंक कॉल आधी बुक करायचा, मग तासन्‌तास वाट बघायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. अर्जंटला दुप्पट पैसे, आणि लाइटनिंग बड्या लोकांचं काम. हिशेब तीन-तीन मिनिटांचा. लागला की एवढ्या जोरात ओरडायचं की अख्ख्या वाड्याला कळावं. इतक्या खर्चात 'कसे आहात' विचारायला कोण फोन करणार? त्यामुळे वाजला तो फोन मरणाचा, नाहीतर पैशाचा. हे डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

बी.कॉम. करून १९७३ मध्ये मी बँकेत लागलो. तिथे या भीतीला नियमाचं रूप मिळालं.

तेव्हा सियागंजातल्या व्यापाऱ्याला मुंबईला तातडीने पैसे पाठवायचे असले की टीटी करायचे, म्हणजे तारेने पैसे. आमची शाखा तिकडच्या शाखेला तार करायची. तारेत नाव, रक्कम आणि सोबत एक आकडा. तो आकडा तारीख, रक्कम वगैरेंवरून एका गुप्त पुस्तकातल्या कोष्टकाने काढायचा. पुस्तक तिजोरीत, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांच्या आत. एकट्याला ते उघडता येत नसे. समोरच्या शाखेने तोच हिशेब पुन्हा करून पाहायचा, आकडा जुळला तर पैसे द्यायचे. फोनवर निरोप आला तरी नियम हाच. पलीकडून बोलणारा तुमचा सख्खा मित्र असो, त्याच्या आवाजाची किंमत शून्य, आकडा सांग. मागाहून टपालाने लेखी कागद यायचा तो वेगळाच.

आकडा जुळला नाही तर? तर पैसे द्यायचे नाहीत. पण हात झटकून बसायचंही नाही. त्याच घटकेला उलट तार करायची, "आकडा जुळत नाही, पुन्हा कळवा." नियमाचा हा दुसरा भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी लागलो तेव्हा बँकेत चहाला बसलं की एकच गोष्ट निघायची, नगरवाला. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२४ मे १९७१. दिल्लीत पार्लमेंट स्ट्रीटवरची स्टेट बँकेची शाखा. तिथले मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा. दुपारच्या सुमारास त्यांना फोन आला. बोलणारा म्हणाला, मी पंतप्रधानांचा सचिव हक्सर. मग म्हणाला, घ्या, पंतप्रधान स्वतः बोलतात. आणि इंदिराजींचा आवाज. बांगलादेशच्या गुप्त कामासाठी ६० लाख रुपये ताबडतोब हवेत, माणूस येईल, त्याला द्या, पावती नंतर मिळेल. खुणेचा शब्द सांगितला, 'बांगलादेश का बाबू'. त्यावर यांनी म्हणायचं, 'बार ॲट लॉ'.

१९७१ चे ६० लाख म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही नवे कारकून आपल्या पगाराने भागून काढायचो आणि गप्प बसायचो. मल्होत्रांनी शंभराच्या नोटा पेटीत भरल्या, बँकेच्या गाडीत घातल्या, ठरलेल्या जागी गेले, खूण पटली, पेटी दिली. हाताखालच्या रोखपालाने व्हाउचर मागितलं तर म्हणाले, येईल. मग पावती आणायला पंतप्रधानांकडे गेले तेव्हा खऱ्या हक्सरांनी सांगितलं, इथून असा फोनच झालेला नाही. इकडे शाखेतून पोलिसांकडे बातमी गेलेलीच होती. त्याच दिवशी रुस्तम सोहराब नगरवाला नावाचा माजी लष्करी अधिकारी पकडला गेला आणि जवळजवळ सगळी रक्कम परत मिळाली. तीन दिवसांत खटला होऊन चार वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही आवाज आपणच काढले, असं त्याने कबूल केलं होतं. मार्च १९७२ मध्ये तो कैदेतच वारला. पुढे जनता सरकारने रेड्डी आयोग नेमला, पण लोकांच्या शंका काही फिटल्या नाहीत. मल्होत्रांची नोकरी गेली.

राजकारणात काय शिजलं होतं ते असो. आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांना त्यात रसच नव्हता. ते एवढंच विचारायचे, "खुणेचा शब्द कोणी ठरवला?" आम्ही म्हणायचो, फोन करणाऱ्याने. "मग ती खूण कसली? खूण आधी ठरलेली पाहिजे. फोनवाल्यानेच कुलूप आणलं आणि फोनवाल्यानेच किल्ली."

पस्तीस-छत्तीस वर्षं मी ह्याच वाक्यावर नोकरी केली. पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, रात्री अकरानंतर पाव दर म्हणून लोक रांगा लावून राहिले, मग मोबाइल आला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आता तर आवाजाची नक्कल मशीन करतं. 'डिजिटल अरेस्ट'चा प्रकार इतका वाढला की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावं लागलं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक असेच फसले. तेव्हापासून माझा फोनवरचा हात आणखी आखडला, आणि घरातले म्हणायला लागले, बाबा म्हणत होते ते बरोबर. मला जरा चढलीही.

आता चूक.

माझी मोठी बहीण, अक्का, ग्वाल्हेरला असते. वय ऐंशीच्या पुढे. मागच्या थंडीत एका रात्री पावणेअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलगा-सून गावाला गेलेले, वाजायचा थांबेना म्हणून उचलला. एक म्हातारी बाई, घसा बसलेला, धाप लागलेली, अर्धं हिंदीत बोलत होती. यांना दवाखान्यात नेलंय, चाळीस हजार भरायचेत, ह्या नंबरवर पाठव, लवकर. मी म्हटलं, "आप कौन?" तर म्हणाली, "अरे, मी अक्का." मागे कोणी पुरुष घाई करत होता. अनोळखी नंबर, घाई, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. माझ्या पोथीतली तिन्ही लक्षणं जुळली. मी म्हणालो, "लिहून पाठवा," आणि ठेवून दिला. वर फोन बंद केला आणि झोपलो. झोपही छान लागली.

ती अक्काच होती. भाऊजींना छातीत कळ आली होती, तिचा स्वतःचा फोन घाईत घरीच राहिला, शेजारचा मुलगा गाडी काढून घेऊन गेला होता. त्याच्याच फोनवरून बोलत होती, आणि त्याला कळावं म्हणून हिंदीत. पैसे शेवटी त्या मुलानेच भरले. भाऊजी अकरा दिवसांनी घरी आले, आता ठीक आहेत.

पैसे दिले नाहीत ह्याचं मला अजूनही फार वाटत नाही. आकडा जुळत नव्हता. पण मी उलट तार केली नाही. तिच्या घरी एक फोन, भाचीला पुण्याला एक फोन, पाच मिनिटांचं काम होतं. काउंटरवरच्या परक्या माणसासाठी जे केलं, ते बहिणीसाठी केलं नाही.

यंदा भाऊबीजेला मी ग्वाल्हेरला गेलो. ओवाळून झाल्यावर अक्का म्हणाली, "बँकेत बरोबर होतास रे तू. पण माझा आवाज?" मला उत्तर देता येईना. भाऊजी पाटावरून हसले, म्हणाले, "तुमच्या त्या नगरवाल्याची गोष्ट सांगा हिला." सांगितली. अक्काने नीट ऐकली, आणि मॅनेजरसाहेबांचं वाक्य ऐकून म्हणाली, "मग ठरवू ना आपण आधी. आजीच्या गाईचं नाव आठवतंय तुला?"

आठवत होतं. मग दोघांनी मिळून एक शब्द ठरवला. गाईचं नाव नाही, दुसराच. तो इथे लिहीत नाही.